कॉइलवरचा बर्फ, बॉक्सवरचा घाम

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यातल्या शेडमध्ये द्राक्षं जाळ्यांवर वाळतात, पंधरा-पंधरा किलोंचे बॉक्स भरतात आणि बेदाणा स्टोरेजला लागतो. भाव येईपर्यंत शेतकरी थांबू शकतो, तो या थंड खोल्यांच्या जोरावर. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा हिरवा रंग मात्र टिकतो चार-पाच अंश सेल्सिअसच्या थंडीनं. या थंडीमागचं यंत्र सहसा कुणी बघायला जात नाही.

मोठ्या स्टोरेजमध्ये बहुधा अमोनिया असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ३३ अंशांवर उकळतो. दाब वाढवला की हा उत्कलनबिंदू हवा तिथे आणता येतो. खोलीतल्या कॉइलमध्ये उकळताना तो उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि बाहेरच्या कंडेन्सरवर ती उष्णता सोडून तो पुन्हा द्रव होतो. युरोपात घरं उबदार ठेवणारा हीट पंप चालतो तो याच तत्त्वावर. तिथे कॉइल अंगणात असते आणि घर तापतं.

खोली चार अंशांवर ठेवायची, तर कॉइल बहुधा शून्याखाली न्यावी लागते. मग बर्फ धरतोच. तो येतो दारातून. माल आत-बाहेर होताना जी हवा शिरते, तिच्यातलं बाष्प थेट कॉइलवर गोठतं. एक किलो बाष्पाचा बर्फ होताना सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता उपसावी लागते, आणि त्यातून बेदाण्याला गारवा काहीच मिळत नाही. थर वाढला की कॉइलच्या पत्र्यांमधल्या फटी बुजतात, पंख्याची हवा अडते, कॉम्प्रेसर जास्त वेळ धावतो.

बर्फाला नुसती थंडी पुरत नाही, ओल लागते. साताऱ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी निरभ्र, निवांत रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे सोडून आसपासच्या हवेपेक्षा गार होतात आणि दव गोठतं. गावातला तापमापक तेव्हा शून्याच्या बराच वर असू शकतो. युरोपातल्या हीट पंपांनाही कोरड्या कडाक्यापेक्षा शून्याच्या आसपासची दमट हवा अधिक छळते.

उपाय डिफ्रॉस्टचा. चार अंशांच्या खोलीत अमोनिया थांबवून पंखे चालू ठेवले तरी बर्फ हळूहळू वितळतो. घाई असेल तर पाणी किंवा गरम वायू सोडतात. घरगुती हीट पंप काही मिनिटं उलटा फिरून तेच करतो. वितळलेलं पाणी नीट वाहून गेलं नाही, तर तेच पुन्हा गोठतं.

सौद्यासाठी बॉक्स बाहेर आला की तीच ओल त्याच्यावर उतरते. वळीव पडून गेलेला असेल तर थंड बॉक्सला लगेच घाम फुटतो. त्यात आतली प्लास्टिकची पिशवी उघडली तर पाणी दाण्यावर बसतं. बेदाणा चिकट होतो, बुरशीला वाव मिळतो. म्हणून माल बाहेरच्या हवेइतका उबदार होईपर्यंत प्लास्टिक उघडायचं नसतं. नवं स्टोरेज बांधणाऱ्यानं यंत्राच्या क्षमतेवर करतो तितकाच खर्च थंड खोली आणि बाहेर यांच्या मधल्या खोलीवर, दाराच्या पडद्यावर आणि निचऱ्याच्या नळावर करावा, असं मला ठामपणे वाटतं.