स्वतःची किंमत कशावर टांगलेली आहे?

पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबली. मुलाला ६२ टक्के पडले होते, गेल्या वर्षी ८० होते. म्हणाली, "टीचर, माझ्यातच कमी आहे. सासरच्यांना काय तोंड दाखवू?" मुलाच्या गुणपत्रिकेत ती स्वतःचे गुण वाचत होती. मी तिला काय सांगणार? माझ्या विषयाचा निकाल घसरला त्या वर्षी मीही आठवडाभर स्टाफरूममध्ये मान वर केली नव्हती.

माणूस स्वतःला काय समजतो, हे मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ची प्रश्नावली आजही वापरतात. फक्त दहा विधाने, पाच सुलट आणि पाच उलट, म्हणजे न वाचता सगळीकडे 'हो' लिहिणारा सापडतो. (आम्ही परीक्षेत असे केले तर मुले कुरकुरतात!) पण ती सांगते, माणूस स्वतःला किती मानतो एवढेच. या आईने गेल्या वर्षी ती भरली असती, तर बहुधा छान गुण मिळवले असते.

दुखणे 'किती'त नाही, अटीत आहे. १९७८ साली आर्लीन वाइसमन आणि आरन बेक यांनी नेमक्या या अटी मोजायला घेतल्या. एक चूक झाली म्हणजे मी पूर्ण नापास, सर्वांनी चांगले म्हटले तरच मी चांगली, अशा धर्तीचे विचार. विधाने ४०, प्रत्येकाला १ ते ७ गुण. बेरीज जितकी जास्त, तितके विचार घातक. अर्थात बेरीज म्हणजे आजाराचे निदान नव्हे, ते जाणकारानेच करावे.

२००३ मध्ये जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी विचारले की ही किंमत कशावर टांगलेली असते? त्यांनी सात खुंट्या धरल्या: लोकांची पसंती, रूप, चढाओढ, अभ्यासातले यश, घरच्यांचा आधार, सदाचार आणि ईश्वराचे प्रेम. रूप, लोकांची पसंती अशा बाहेरच्या खुंट्यांवर टांगलेले मन जास्त हेलकावे खाते, असे त्यांचे म्हणणे.

मुलाचे गुण ही खुंटी त्या यादीत नाही. आपल्या घराघरांत मात्र ती ठोकलेली आहे.

त्या आईला मी विचारले, "गेल्या वर्षी ८० पडले, तेव्हा तुम्ही हुशार ठरलात का?"

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "नाही टीचर. तेव्हा सगळे म्हणाले, अब्बांवर गेलाय."