वाद्ये, हस्तिदंत आणि नियमांचा भार

२०१४ च्या उन्हाळ्यात हंगेरीचा बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा हा ख्यातनाम वाद्यवृंद कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा विमानतळावर वादकांचे सात गज अडवून ठेवण्यात आले. व्हायोलिनच्या गजाच्या टोकाला एक इवलीशी चकती बसविलेली असते. जुन्या गजांवर ती बहुधा हस्तिदंताची असे. वाद्यवृंदाने सोबत आणलेली कागदपत्रे अधिकाऱ्यांना पटली नाहीत. कार्यक्रम दुसऱ्या गजांवर पार पडला आणि परतीच्या वेळी ५२५ डॉलर दंड भरल्यानंतर ते सात गज मालकांच्या हाती पडले. मराठीत वाद्याच्या गजाला आणि हत्तीला एकच शब्द असावा हा निव्वळ योगायोग. पण अमेरिकी अधिकाऱ्यांनीही त्या दिवशी या दोहोंत फारसा फरक केला नाही!

अशी हकीकत वाचली की सरकारी कारभाराला हसण्याचा मोह होतो. तो आवरून प्रथम दुसरी बाजू पाहणे न्याय्य ठरेल. १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत अंदाजे १३ लाख हत्ती होते; दहा वर्षांत ते ६ लाखांवर आले. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘साइट्स’ करार १९७५ पासून अमलात होता व १९७६ मध्ये भारतही त्यात सामील झाला होता. तरीही ही कत्तल थांबली नाही. अखेर १९८९ मध्ये लोझान येथील परिषदेने आफ्रिकी हत्तीला कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात घातले. आपल्याकडे १९८६ च्या कायद्याने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या हस्तिदंतालाही तोच नियम लागू झाला. या निर्णयांची आवश्यकता प्रस्तुत लेखकाला पूर्णपणे मान्य आहे.

प्रश्न उद्भवतो तो जुन्या वस्तूंचा. एके काळी पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंताचा पातळ पापुद्रा चढवीत. असा पियानो किंवा असा गज आज कुणाच्या घरी आहे म्हणून जिवंत हत्तीला काही धोका पोहोचत नाही. पण जुना हस्तिदंत आणि काल मारलेल्या हत्तीचा दात नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. जुन्या मालाच्या आडोशाने नवा माल खपविणारे व्यापारी आहेत, म्हणूनच तर नियमाला दाखला मागावा लागतो. २०१४ च्या अमेरिकी आदेशाने वाद्यातील आफ्रिकी हस्तिदंत २६ फेब्रुवारी १९७६ पूर्वी जंगलातून बाहेर पडलेला असल्याचा पुरावा मागितला. ज्याने आपल्या गुरूकडून किंवा एखाद्या म्हाताऱ्या वादकाच्या विधवेकडून गज घेतला, त्याने त्या अज्ञात हत्तीच्या मृत्यूची तारीख कोठून आणावी?

अर्थशास्त्राच्या वर्गात कराघात आणि करभार यांतील भेद शिकविताना आम्ही काडेपेटीचे उदाहरण देतो: कर भरतो कारखानदार, सोसतो गिऱ्हाईक. नियमांचेही तसेच आहे. वन्यजीव नियमांचा आघात चोरट्या शिकाऱ्यावर व्हावा हा हेतू. भार मात्र पुष्कळदा ज्याच्यापाशी कागद नाही अशा प्रामाणिक माणसावर येऊन पडतो. चोरट्यापाशी खोटे का होईना, कागद असतात. शिवाय परवान्याचा खर्च वस्तूंच्या संख्येप्रमाणे वाढत नाही. शेकडो गिटारी एकदम धाडणारी कंपनी तो खर्च वाटून घेते. आपली एकच जुनी गिटार परदेशात विकणाऱ्याला तो एकट्याने सोसावा लागतो.

शिसवी लाकडाच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसले. चीनमधील श्रीमंती फर्निचरच्या मागणीने जगभरची शिसवाची जंगले तुटू लागली, म्हणून २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या कुळातील सुमारे ३०० जाती एकदम दुसऱ्या परिशिष्टात आल्या. त्यांपैकी एक ब्राझिली जात १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात होतीच. नियमाचे लक्ष्य पलंग आणि कपाटे हे होते. त्याच्या तडाख्यात सापडल्या गिटारी. वादक आपली गिटार सामानात घेऊन प्रवास करू शके, पण तीच विकली की परवाना आला. अखेर २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने दुसऱ्या परिशिष्टातील शिसवाची तयार वाद्ये, त्यांचे भाग व उपसाधने यांना सूट दिली. अर्थात ब्राझिली शिसवाला ही सूट नाही. ते आणि आपले भारतीय शिसव सराईत कारागिरालाही नुसत्या नजरेने वेगळे सांगणे कठीण जाते, हा भाग निराळा.

आपल्या शिसवाचा एक प्रसंग तर कारकुनी कामाचा अनुभव असलेल्या वाचकांना विशेष रुचेल. परदेशी कायदा मोडून आणलेले लाकूड आयात करणे अमेरिकेत २००८ पासून गुन्हा आहे. त्याच कायद्याखाली २०११ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीवर छापा पडला, तो भारतातून आलेल्या शिसवी व आबनुशी पट्ट्यांसाठी. करकोष्टकात ६ मिलिमीटरपर्यंतचा तुकडा पापुद्रा ठरतो, त्याहून जाड ते कापलेले लाकूड. आणि तसे लाकूड भारतातून बाहेर धाडण्यास मनाई होती. गिटारच्या दांडीवर बसविण्याची पट्टी मग या दोहोंपैकी काय, की तिसरेच काही? २०१२ मध्ये कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरून तडजोड केली, ती मुख्यतः मादागास्करच्या आबनुसापायी. भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणाबाबत संदिग्धता असल्याचे मात्र अमेरिकी सरकारलाच मान्य करावे लागले.

तेव्हा नियम सैल करा, असे म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. उत्तम गज ज्या पर्नांबुको लाकडाचे होतात, तो ब्राझीलचा राष्ट्रीय वृक्ष. त्या देशाचे नावच त्याच्यावरून पडले आणि आता त्याची जंगले विरळ झाली आहेत. २००७ मध्ये तो दुसऱ्या परिशिष्टात आला. २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत ब्राझीलने त्याला पहिल्या परिशिष्टात घालण्याची मागणी केली. जगभरचे वादक हवालदिल झाले. तेथे निघालेला तोडगा प्रस्तुत लेखकाला फार शहाणपणाचा वाटतो. ब्राझीलमधून माल प्रथम बाहेर पडताना, तयार गज असला तरी, परवाना हवा. एकदा बाहेर गेलेल्या तयार वाद्यांच्या व गजांच्या पुढील निर्यातीला नको. म्हणजे तपासणी जंगलाच्या दाराशी, मैफलीच्या दाराशी नव्हे. ब्राझीलने २०२५ मध्ये समरकंदला पुन्हा तीच मागणी मांडली. त्यावरून त्या देशाची चिंता दिसते आणि ती अनाठायी म्हणवत नाही.

आपणही या प्रश्नापासून दूर नाही. जुन्या सतारींच्या घोड्या सांबरशिंगाच्या असत आणि काहींवर हस्तिदंताचे नक्षीकाम असे. अशी सतार घेऊन परदेशी जाणाऱ्या कलावंताने आधी चौकशी केलेली बरी. साइट्समध्ये २०१३ पासून वाद्यांसाठी खास प्रमाणपत्राची सोय आहे. ते तीन वर्षांपर्यंत चालते आणि अनेक सीमा ओलांडण्यास उपयोगी पडते. पण त्यासाठीही मूळ पुरावा लागतोच. गोव्याच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. कायद्याने ते बंद झाले; आता बकऱ्याचे कातडे वापरतात. नादात फरक पडतो अशी जाणत्यांची तक्रार आहे, तरी घुमट वाजते आहे आणि घोरपडही वाचते आहे.

२०१७ च्या नियमाने आपल्या शिसमच्या हस्तकलेची निर्यात, सरकारी अंदाजानुसार, वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर घसरली. जवळजवळ ५०,००० कारागिरांच्या पोटाला चिमटा बसला. पनामात भारताने या बाबतीत खुलासा मिळविला: प्रत्येक नगातील लाकडाचे वजन १० किलोपेक्षा कमी असेल, तर असे कितीही नग एका खेपेत साइट्सच्या परवान्यावाचून धाडता येतात. वजन मोजताना धातू, काच वगळून केवळ लाकूड धरायचे आहे.