आधी पाणी, मग मासा

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा आजार आणि औषधे सोडून एखाद्या छंदावर लिहावे, असा प्रेमळ आग्रह केला. माझा छंद काचेच्या टाकीत मावणारा आहे, म्हणून तो मान्य करणे सोपे गेले. तरीही लेखाच्या उत्तरार्धात दवाखाना डोकावणार आहे. त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो.

खटकचिंचोळीतील माझ्या दवाखान्यात, रुग्णांच्या बाकांसमोर, दोन फूट लांबीचे एक मत्स्यालय आहे. त्यात सुमारे ५५ लिटर पाणी मावते. लस टोचून घ्यायला आलेली बालके त्याच्या काचेला नाक लावून उभी राहतात आणि काही क्षण रडणे विसरतात. टाकीतले मासे बोटभर लांबीचे. सिक्लिड या कुळात १,७०० हून अधिक जाती आहेत. गोव्यात आणि कोकणात आवडीने खाल्ला जाणारा कालुंदर याच कुळातला. यातील लहान चणीच्या जातींना जाणकार ‘ड्वार्फ सिक्लिड’ म्हणतात. आपण त्यांना बुटके सिक्लिड म्हणू.

माझी सुरुवात ‘रॅम’ या जातीने झाली. व्हेनेझुएला आणि कोलंबियातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला हा मासा शास्त्रज्ञांनी १९४८ साली प्रथम वर्णिला. पिवळसर अंगावर निळ्या ठिपक्यांची नक्षी, डोळ्यावरून जाणारी काळी रेघ. पाहताक्षणी मन जिंकून घेणारा. हैदराबादहून मोठ्या हौसेने सहा मासे आणले. त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २७ अंशांहून अधिक उबदार पाणी लागते, हे मी वाचले होते. परंतु वाचणे आणि मानणे यांत अंतर असते. आमच्या कूपनलिकेचे पाणी जड, शास्त्रीय भाषेत दुष्फेन. भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरणारे. मी तेच वापरले.

काही दिवसांत दोन माशांचे पर झडू लागले. डॉक्टरचा हात अशा वेळी कोठे जातो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. कपाटातील प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून मी टाकीत टाकली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवडाभरात सारे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. पाण्यात हवेचा पंप अखंड चालू होता, तरी त्यांचा श्वास पुरेना. एक मेलेला मासा हातात घेऊन कल्ला उघडून पाहिला. एरवी लालभडक दिसणारा कल्ला चॉकलेटी तपकिरी झाला होता. सहापैकी एकही मासा वाचला नाही.

कारण नंतर उमगले. माशांच्या श्वसनातून व विष्ठेतून अमोनिया तयार होतो. गाळणीच्या स्पंजात वाढणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे बऱ्याच कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वसाहत नीट वसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझी टाकी नवी होती आणि जी काही वसाहत होती, तिच्यावर मी प्रतिजैविकाचा घाव घातला. आमच्या अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिकच विषारी ठरतो. पुढे नायट्राइट साचले, ते कल्ल्यांवाटे रक्तात गेले आणि हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन झाले. प्राणवायू भोवती भरपूर होता, पण तो वाहून नेणारे रक्त निकामी झाले होते. निदान न करता दिलेले औषध रोगापेक्षा महाग पडते, हे मी पालकांना नित्य सांगत असे. ते स्वतःला ऐकवायला मला सहा मासे गमवावे लागले.

दुसऱ्या वेळी मी आधी पाणी सिद्ध केले. गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवून ते कूपनलिकेच्या पाण्यात मिसळले, सहा आठवडे वाट पाहिली आणि मगच नायजेरियातील ‘क्रिबेन्सिस’ची जोडी आणली. ही जात थोडे जड पाणीही सहन करते. मादीचे पोट विण्याच्या काळात जांभळट लाल होते. नारळाच्या करवंटीला खाच पाडून तिला घर करून दिले, आणि एके दिवशी ती आतून हलेना. सुमारे तीन दिवसांनी अंडी फुटली. आठवड्याभराने आई पिलांचा थवा घेऊन बाहेर आली, बाप चार बोटे अंतरावर पहाऱ्याला. धोका दिसला की तिच्या परांच्या एका झटक्यासरशी सारी पिले तळाशी बसत. सायंकाळी चुकार पिलांना तोंडात घेऊन ती करवंटीत सोडून येई. माझे काम आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलण्याचे आणि बाकी वेळी हात आवरण्याचे.

यानंतर काही वर्षांनी, ऊसतोडीच्या हंगामात, एक आजी अडीच महिन्यांच्या नातवाला घेऊन आली. आई फडावर, बाळ बाटलीच्या दुधावर. त्याचे ओठ आणि नखे राखाडी निळी होती. हृदयाचे ठोके स्वच्छ, छाती मोकळी, आणि प्राणवायू लावूनही रंग पालटेना. सुई काढली तेव्हा गाळपट्टीवर पडलेला रक्ताचा थेंब मी पाहत राहिलो. तो हवेत लाल होईना. तो रंग मी पूर्वी पाहिला होता, माशाच्या कल्ल्यात.

दुधाची पूड कोणत्या पाण्यात कालवता, असे विचारल्यावर आजी म्हणाली, “बोअरचंच की हो साहेब. तुमीच सांगितलं म्हणून आटवून आटवून देतो.”

त्या वाक्याने मी खजील झालो. उकळण्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. माझ्या कपाटात मेथिलीन ब्लूची बाटली होती, पण ती माशांच्या अंड्यांवरील बुरशीसाठी आणलेली. शिरेतून देण्याजोगी नव्हे. निदानाची चिठ्ठी लिहून, दूरध्वनी करून बाळाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे योग्य औषध मिळाले आणि बाळ बरे होऊन परतले.

विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे बालके निळी पडतात, हे अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली यांनी १९४५ सालीच नोंदविले आहे. लहान बाळाचे हिमोग्लोबिन लवकर बदलते आणि ते पूर्ववत करणारे विकर त्याच्यात अपुरे असते. शेतातील खते, उकिरडा आणि शौचखड्डे यांच्यामुळे नायट्रेट भूजलात उतरते. आपल्या देशातील पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणून समव्यवसायी बंधुभगिनींना विनंती, की प्राणवायूला दाद न देणारे निळे बाळ दिसले, तर हृदयाबरोबर विहिरीचीही चौकशी करावी. मेथिलीन ब्लू किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश. मात्र जी-६-पीडी न्यूनता असल्यास ते टाळावे. आणि पाणी उकळा असे सांगताना ते कोठले, हेही विचारावे.

सर्वांत सोपा उपाय अर्थात जुनाच आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध घेणाऱ्या बाळाचा विहिरीशी संबंधच येत नाही. ते ऊसतोडीला जाणाऱ्या आईला शक्य कसे व्हावे, हा प्रश्न एकट्या डॉक्टरने सुटणारा नाही. पण फडाजवळ बाळाला सावलीची जागा आणि आईला पाजण्यापुरती उसंत मिळावी, एवढे आपण सर्वांनी मिळून मागता येईल. त्या आजीची सून पुढच्या खेपेस बाळाला अंगावर पाजत बाकावर बसली होती. समोर करवंटीपाशी मादी पिले राखीत होती.