रस्त्याचे गणित, लेखांक 7 : साईडपट्टीवरची सायकल

मागच्या आठवड्यात पुण्याचे सायकल ट्रॅक पाहिले. 2017 च्या आराखड्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे जाळे होते. प्रत्यक्षात ट्रॅकवर गाड्या लागतात आणि सायकलवाला पुन्हा रस्त्यावर येतो. आलापल्लीच्या वाचकाला याचे काय, असे कोणी म्हणेल. पण सायकलला जागा दिली की गाड्यांचे नेमके काय होते, हे समजून घ्यायला आलापल्लीच बरी.

इथल्या चौकातून आष्टी, सिरोंचा, नागेपल्लीवरून अहेरी, शिवाय एटापल्ली आणि भामरागड अशा सगळ्या वाटा फुटतात. सुरजागडचे लोहखनिज निघू लागल्यापासून या भागात हायवा डंपरांची रांग वाढली. त्याच डांबरावरून मानव विकास कार्यक्रमातल्या सायकलींवर मुली शाळेला जातात.

आता माप घेऊ. दुपदरी रस्ता 7 मीटरचा, म्हणजे एकेका बाजूला साडेतीन. हायवा अडीच मीटर रुंद. उरला एक मीटर, तेवढा सायकलच खाते. मध्ये मोकळी जागा काहीच नाही. म्हणून चालकाला मधली रेघ ओलांडावी लागते. समोरून दुसरा हायवा येत असेल तर सायकलच्या चालीने मागे रेंगाळायचे, आणि भरलेली गाडी पुन्हा वेगात आणायला डिझेल जाळायचे. मागे एसटी, जीप, दुचाक्या साचतात. नाहीतर हॉर्न दाबून मुलीला डांबराच्या कडेवरून खाली मुरमात उतरवायचे. बहुतेक वेळा हेच होते.

दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की साईडपट्टी दिली की रस्ता 10 मीटरचा होतो. राष्ट्रीय महामार्गाच्या मानकांत ही तरतूद आहेच. मग मुलगी पट्टीवर, हायवा आपल्या पदरात. थांबणे नाही, ओलांडणे नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबस अॅव्हेन्यूवर वेगळी सायकल लेन केल्यावर गाड्यांचा एका टप्प्याचा प्रवास साडेचार मिनिटांवरून तीनवर आला, असे तिथल्या परिवहन विभागाच्या 2014 च्या अहवालात आहे. वळणाऱ्या गाड्यांना चौकात वेगळी जागा मिळाली, हे त्याचे एक कारण.

अर्थात जंगलात तीन मीटर जादा म्हणजे सागाची तोड आणि 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखालची परवानगी. मला तरी सलग रुंदीकरणाचा हट्ट पटत नाही. सायकली गावाजवळच्या चार-पाच किलोमीटरांत असतात. आधी तिथे पट्टी हवी. आणि गावात नुसती पांढरी रेघ पुरत नाही. ढाब्यासमोर ट्रक तिच्यावरच उभे राहतात, म्हणून तिथे उंच कठडाच लागेल. चालकाचे त्यात काही सेकंद जातील, ते जाऊ द्यावेत.

खरी पंचाईत मोरीवर आहे. पट्टी मोरीपाशी संपते, सायकल अचानक हायवाच्या पुढ्यात येते आणि वर मांडलेला सगळा हिशेब तिथे फिसकटतो. मोरी रुंद करणे महागडे, म्हणून अंदाजपत्रकात ती शेवटी येते. पुढच्या लेखांकात मोऱ्या आणि अरुंद पूल.