आजी गेली, ओव्या कोणी लिहून घेतल्या?

सौंसरला आमच्या गल्लीतली आजी गेली. नव्वदी ओलांडलेली म्हातारी, नातवंडे-पतवंडे पाहून गेली. फार हळहळण्याचे कारण नाही, असे सगळेच म्हणाले. मीही म्हणालो. पण तेरवीची पत्रिका हाती आली आणि मन खट्टू झाले. पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हिंदीत, आणि आजीचा उल्लेख 'पूज्य दादीजी' असा! हयातभर तिला कोणी दादी म्हटले नव्हते. घरात ती माय होती, गल्लीत आजी.

तिचे माहेर नरखेडकडचे. ती लग्न होऊन इकडे आली तेव्हा मध्ये राज्याची सीमा नव्हतीच, नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या. 2023 साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, त्यात आपले सौंसर आले. ही बातमी मी तिला सांगितली तर म्हणाली, "मास्तर, माह्या चुलीले काय फरक पडते?"

तिला ओव्या येत. किती, ते कोणी मोजले नाही. जाते कधीच अंगणात उपडे पडले होते, पण वाती वळताना, पतवंडाला झोपवताना ती गुणगुणत असे. भुलाबाईची गाणी तर गल्लीतल्या पोरी तिच्याकडूनच शिकत. या सगळ्याचे आज काय उरले? मुलाच्या मोबाईलमध्ये तिचे फोटो पुष्कळ आहेत. गाणे एकही नाही.

अशा वेळी बहिणाबाई चौधरींची आठवण येते. जळगावजवळच्या असोद्याची ही लेक, 1880 चा जन्म, अक्षरओळख नाही, ऐन तारुण्यात वैधव्य आले. शेतात आणि जात्यावर तिला गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि घरातला एक नातलग ती टिपून ठेवीत. 3 डिसेंबर 1951 रोजी ती वारली. सोपानदेव स्वतः नामवंत कवी, तरी आईची ही खेडवळ बोलीतली गाणी जगापुढे ठेवण्याचा त्यांना संकोच होता. त्यांनी वही आचार्य अत्र्यांना दाखविली, अत्रे हरखून गेले, आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. वही नसती तर? असोद्याची एक म्हातारी गेली, एवढेच झाले असते. टिपायची राहिलेली गाणी तिच्याबरोबर गेलीच.

बहिणाबाईंची बोली आपल्याला परकी नाही. 'ळ'च्या जागी 'य' तीही म्हणे, आपल्या आज्याही म्हणतात. डोळ्याला डोया, काळ्याला काया. आणि इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. शिक्षक म्हणून मी इतकी वर्षे पोरांच्या वह्यांतल्या 'डोया'खाली लाल रेघ ओढली. प्रमाण मराठी शिकविणे माझे काम होते, ते मी केले. पण घरी आजी बोलते ते अशुद्ध, असा अर्थ पोरांनी घेतला असेल तर दोष त्यांचा नाही. पुढे तीच पोरे हिंदीत शिकली. आजीचे बोलणे ना हिंदीत बसे, ना गुरुजींच्या मराठीत. मग ते लिहून ठेवावे असे कोणाला वाटणार?

बरे, लिपीची अडचणही नाही. हिंदी शिकलेल्या पोराला देवनागरी येतेच. आजी म्हणेल तसे उतरवायचे, 'ळ' असो, 'ल' असो की 'य'. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा करविल्या. आपल्या बाजूचे काम करायला पुण्याहून कोणी येईल म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. समितीच्या बैठकांत आम्ही पाट्या, अर्ज, शिक्षकांच्या जागा यांवर घसा कोरडा करतो. ते केलेच पाहिजे. मात्र आजीच्या ओव्यांचा विषय एकाही बैठकीत निघाला नाही, माझ्याकडूनही नाही.

तेरवीनंतर चार दिवसांनी तिचा नातू वही घेऊन आला. पत्रिका त्यानेच छापवून आणली होती. नरखेडच्या आत्याला आजीच्या चार ओव्या आठवत होत्या, त्या त्याने फोनवर ऐकून लिहिल्या होत्या. "गुरुजी, जरा तपासून द्या," म्हणाला. दुसऱ्याच ओळीत 'डोया' होते. मी पेन खिशातून काढले नाही. आणखी कोणाला काही आठवते का ते विचार, एवढेच सांगितले. आत्याची एक नणंद पांढुर्ण्याला दिली आहे, तिला बरेच येते म्हणे. रविवारी आम्ही दोघे जाणार आहोत.