खारट वाटी
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकला, की धंतोलीतल्या आमच्या घरी आइस्क्रीमचा पॉट माळ्यावरून उतरे. १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी हाताने फिरवायच्या पॉटचे पेटंट घेतले. आमच्याकडे हँडलच्या जागी मोटर होती. अण्णा बर्फाची लादी फोडीत, आई आटीव दुधात आमरस घाली. जाडे मीठ पडले, की बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो; पारा उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. मोटरीचा आवाज जड झाला, की आई म्हणे, ‘झालं बरं का!’

एकदा खारे पाणी डब्यात शिरले. आम्ही रडवेले झालो. अण्णांनी मात्र वाटीभर निमूट खाल्ले.

आज अण्णा नाहीत, पॉट आहे. झाकण मी दोनदा तपासतो आणि नातवंडांना त्या वाटीची गोष्ट सांगतो.