सहावीचा वर्ग, चौथीचे गणित

दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ या संगणकाधारित शिकवणी केंद्रांची 2015 मध्ये शास्त्रशुद्ध पारख झाली. 619 शाळकरी मुलांपैकी सुमारे निम्म्यांना सोडतीने मोफत प्रवेश मिळाला. सुरुवातीच्या चाचणीत सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आढळली. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलेले होते. फळ्यावर समीकरणे आणि वहीत अजून भागाकारच अडलेला, अशी ही अवस्था. एकाच पाठ्यपुस्तकाने चालणारा शिक्षक इथे कितीही तळमळीचा असला तरी हतबल ठरतो. संगणक मात्र मागच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडतो, चूक कोणत्या प्रकारची आहे ते ओळखतो. साडेचार महिन्यांत प्रवेश मिळालेल्यांचे गणित इतरांपेक्षा 0.37 प्रमाण विचलनाने पुढे गेले, तेही सरासरी उपस्थिती जेमतेम 58 टक्के असताना.

यावर आक्षेप असा की, दीड तासाच्या सत्रातला निम्मा वेळ छोट्या गटात माणूसच शिकवत होता. तो रास्त आहे. सगळे श्रेय यंत्राला देता येत नाही. शाळेच्या गणिताच्या परीक्षेतही ठळक वाढ दिसली नाही. पण ती परीक्षा इयत्तेचाच अभ्यासक्रम विचारते. तिसरीवरून पाचवीला पोहोचलेले मूल तिला दिसणार तरी कसे? टिकाऊपणाची शंका मला अधिक गंभीर वाटते. वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने चौथीच्या मुलांना, एका संगणकावर दोघे, असे आठवड्याला दोन तास गणिती खेळ दिले. गुण भरघोस वाढले, आणि कार्यक्रम सुटल्यावर वर्षभरात त्यातले बरेचसे ओसरले.